बीज कोणाचे?

मृग नक्षत्र लागण्यास आठ-दहा दिवस उरले म्हणजे अचलपूरच्या बाजारात बियाण्याच्या दुकानांपुढे मोठी गर्दी जमते. एकेकाळी हे गाव वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होते. उत्तरेस गाविलगडचा डोंगर आणि दक्षिणेस दूरवर पसरलेली काळी जमीन, अशा या मुलखात आज राज्य चालते ते कापसाचे आणि संत्र्याचे. अशाच एका गर्दीत एका वृद्ध कास्तकाराने आम्हांस एक प्रश्न केला. त्याच्या हाती साडेचारशे ग्रॅम सरकीचे रंगीत पाकीट होते. ते उलटेसुलटे करून तो म्हणाला, "भाऊ, माह्या बापानं जन्मात बियानं इकत घेतलं नाही. घरचीच सरकी शेणात घोळून पेरे. आता घरची पेरली तं एक पऱ्हाटी उंच, एक ठेंगणी, बोंडाचा ठिकाणा नाही. या कंपन्यायनं बियान्यात असं काय घालून ठेवलं?"

त्या वेळी आम्ही काही तरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. विचार करू लागल्यावर असे दिसून आले की, हा एक प्रश्न नसून दोन आहेत. घरची सरकी का बिघडते, हा शास्त्राचा प्रश्न. आणि ती बिघडते या गोष्टीवर कोणी आपला व्यापार उभारावा काय, हा नीतीचा प्रश्न. पहिल्याचे उत्तर नीट समजून घेतल्यावाचून दुसऱ्याचा निर्णय करू जाणे अन्यायाचे होईल. म्हणून आमच्या वाचकांस थोडा वेळ सूक्ष्मदर्शकापाशी बसविण्याची परवानगी आम्ही मागतो.

बीज पेरणाराचे की शेताच्या धन्याचे, हा वाद आपल्या देशास नवा नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात त्याची चर्चा आहे. मुळात ती संततीवरील मालकीविषयी असून स्त्रीस शेत लेखणारी तिची दृष्टी आज कोणा विचारी मनुष्यास मान्य होणार नाही. परंतु त्या चर्चेत शेतीच्या व्यवहारातील एक नियम दृष्टांतादाखल आला आहे, तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. बीजवाला आणि शेतवाला यांच्यात आधी काही ठराव झाला नसेल, तर पीक शेतवाल्याचे. ठराव झाला असेल, तर दोघेही पिकाचे वाटेकरी. या नियमाकडे आम्ही शेवटी पुन्हा वळणार आहोत.

आता शास्त्राकडे पाहू. सरकी ओल्या मातीत पडते, फुगते आणि तिच्यातून मूळ बाहेर येते. त्या मुळाच्या टोकाशी एका पेशीच्या दोन, दोहोंच्या चार, अशी वाढ अखंड चालू असते. प्रत्येक पेशीच्या केंद्रात अतिसूक्ष्म सूत्रे असतात. त्यांस गुणसूत्रे म्हणतात, कारण झाडाचे गुण पिढ्यान्‌पिढ्या पोचविण्याचे काम मुख्यत्वे ती करितात. आपल्या देशी कापसाच्या पेशीत अशी २६ सूत्रे असतात, तर अमेरिकेतून आलेल्या कापसाच्या पेशीत ५२. पेशी दुभंगताना ही सूत्रे कशी वागतात, याचे बारकाईने वर्णन वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये प्रसिद्ध केले. दुभंगण्याच्या आधी पेशी आपल्या प्रत्येक सूत्राची तंतोतंत प्रत तयार करिते. मग सूत्रे आखडून जाड होतात आणि पेशीच्या मध्यावर रांगेने उभी राहतात. दोन्ही टोकांकडून सूक्ष्म तंतूंची एक आकृती तयार होते. मध्ये फुगीर व टोकांस निमुळत्या अशा या आकृतीस युरोपातील शास्त्रज्ञांनी सूतकताईतील चातीचेच नाव दिले आहे. हे तंतू प्रत्येक जोडप्रतीतील एक सूत्र एका टोकाकडे व दुसरे दुसऱ्या टोकाकडे ओढून नेतात. अशा रीतीने दोन्ही पेशींस पूर्ण वारसा मिळतो. आपल्याकडे बापाच्या वीस एकरांच्या चार भावांत पाच-पाच एकरांच्या चिंध्या होतात. पेशीच्या घरी वाटणी करण्यापूर्वी इस्टेट दुप्पट केली जाते, म्हणून वाटणीने कोणी दरिद्री होत नाही.

परंतु झाडास फुले येऊ लागली म्हणजे परागकण व बीजांड तयार करताना हा नियम बदलतो. दोन पेशींच्या मीलनातून नवे बीज व्हावयाचे असल्यामुळे प्रत्येकीने अर्धाच वारसा आणावा लागतो. एरव्ही सूत्रांची संख्या दर पिढीस दुप्पट होत जाईल. म्हणून येथे जे विभाजन होते त्यास अर्धसूत्री विभाजन म्हणतात. त्यात आईकडून आलेले व बापाकडून आलेले अशी समान सूत्रे प्रथम एकमेकांस बिलगतात, काही भागांची आपसांत अदलाबदल करितात आणि मग दूर होतात. कोणत्या जोडीतील कोणते सूत्र कोणत्या बाजूस जाईल यास नियम नाही. ते यदृच्छेवर अवलंबून असते, आणि एका जोडीचा दुसरीशी संबंध नसतो. अमेरिकन कापसात २६ जोड्या आहेत. तेव्हा अदलाबदलीचा हिशेब बाजूस ठेवला तरी, एकाच झाडाच्या परागकणांत आईबापांच्या सूत्रांच्या सहा कोटी एकाहत्तर लाखांहून अधिक निरनिराळ्या मिळवण्या संभवतात. प्रत्येक पिढीस निसर्ग मागची घडी मोडतो आणि नवी घालतो.

कास्तकाराच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. एकाच वाणाचे बीज पिढ्यान्‌पिढ्या निवडून लावले म्हणजे प्रत्येक जोडीतील दोन्ही सूत्रे जवळजवळ सारखी होतात. मग ती कशीही वाटली गेली तरी फरक पडत नाही आणि मुलगा बापासारखाच निपजतो. यास सरळ वाण म्हणतात, आणि आमच्या वृद्ध मित्राचा बाप जी सरकी पेरीत असे ती या जातीची होती. याउलट दोन भिन्न सरळ वाणांचा संकर केला, तर पहिल्या पिढीतील प्रत्येक झाडास एका वाणाची एक आणि दुसऱ्या वाणाची एक अशी सूत्रे मिळतात. सर्व झाडे सारखी होतात आणि बहुधा आईबापांहून जोमदार निघतात. कापसाचा असा संकर व्यापारी प्रमाणावर शेतात प्रथम आणण्याचा मान भारताचा आहे. सुरतेस सी. टी. पटेल यांनी काढलेला एच-४ हा संकर १९७० मध्ये आला. पाठोपाठ १९७२ मध्ये धारवाडहून वरलक्ष्मी आली. परंतु त्या जोमदार झाडाची सरकी पुन्हा पेरली की, वर सांगितलेली वाटणी मध्ये येते. जोड्या फुटतात, घडी मोडते, आणि कोणास आजीची उंची तर कोणास आजोबांचे बोंड येते. संकराचा जोम ही एका पिढीची देणगी आहे. तेव्हा बियाण्यात कोणी काही घालून ठेवले म्हणून ते बिघडत नाही. घरची सरकी सारखी न येणे हा गुणसूत्रांचा स्वभावच आहे.

तथापि त्या वृद्धाचा संशय अगदी निराधार होता असेही आम्हांस म्हणवत नाही. पेरलेल्या पिकाचे दाणे पुन्हा उगवूच नयेत अशी योजना बियाण्यात करणाऱ्या तंत्राचे पेटंट १९९८ मध्ये अमेरिकेत खरोखरच दिले गेले. जगभर त्याचा निषेध झाला व ते बाजारात कधीच आले नाही. आपल्या २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने तर असे तंत्र असलेल्या वाणाची नोंदणीही निषिद्ध केली आहे. निसर्गाच्या नियमाने दुसऱ्या पिढीचे बीज दुबळे होणे आणि मनुष्याने हेतुपुरस्सर ते वांझ करणे, यांत नीतिदृष्ट्या अंतर आहे हे उघड आहे. पण ज्याचे कोठार रिकामे होते त्यास हे अंतर फारसे जाणवत नाही, आणि आपला विचार तेथूनच सुरू झाला पाहिजे.

प्रथम बीज तयार करणाराची बाजू पाहू. देशी कापूस काटक आहे, अवर्षणास तोंड देतो; अमेरिकन कापसाचा धागा लांब. दोहोंचे गुण एकत्र करावे असे कोणासही वाटेल. परंतु त्यांचा संकर केला तर संततीत ३९ सूत्रे येतात. देशीची तेरा सूत्रे अमेरिकनाच्या तेरा सूत्रांशी जोडी जमवितात आणि उरलेली तेरा जोडीदारावाचून राहतात. वाटणीच्या वेळी ती वाट फुटेल तिकडे जातात किंवा मध्येच गळतात. त्यामुळे परागकण निकामी होतात आणि झाड बहुतांशी वांझ राहते. आपण खातो त्या केळ्यात बी नसते त्याचेही कारण याच जातीचे आहे. त्याच्या सूत्रांचे तीन संच असल्यामुळे समान वाटणी होऊच शकत नाही. ही अडचण दूर करण्याचे साधन मोठे मौजेचे आहे. पावसाळ्यात झुडपांवर चढणारी, लाल-पिवळ्या फुलांची कळलावी सर्वांनी पाहिली असेल. तिच्यात कोल्चिसीन नावाचे विषारी द्रव्य असते. ते पेशीस लागले की चातीचे तंतू बनत नाहीत. सूत्रांच्या प्रती तयार होतात, परंतु त्या दोन बाजूंस जात नाहीत. सूत्रे दुप्पट झालेली एकच पेशी उरते. ३९ ची ७८ झाली म्हणजे प्रत्येकास जोडीदार मिळतो आणि वांझ झाड फळू लागते. नावाने भांडण लावणारी ही वेल येथे वाटणी थांबविण्याच्या कामी येते! अमेरिकन कापूस निसर्गात मुळी अशाच दुप्पट होण्यातून जन्मला. त्याच्या सूत्रांचा एक संच जुन्या जगातील कापसाच्या घराण्याचा आणि दुसरा नव्या जगातील रानकापसाचा आहे, हे १९४० मध्ये बीझली यांनी दोन जातींच्या संकरास दुप्पट करून प्रयोगाने दाखविले. असे ज्ञान मिळविण्यात लोकांची आयुष्ये खर्ची पडली आहेत. शिवाय संकरित सरकी करावयाची म्हणजे फूल फुलण्यापूर्वी एकेका कळीतील पुंकेसर हातांनी काढून दुसऱ्या दिवशी हातांनीच पराग लावावा लागतो. देशाच्या काही भागांत या कामी लहान मुलींचे हात राबविले गेले, ही लज्जेची गोष्टही येथेच नमूद केली पाहिजे. ज्ञान व श्रम यांचे मोल मागणे अधर्म नव्हे. फुकट बियाण्याचा हट्ट धरणारा मनुष्य कोणाच्या तरी श्रमाची चोरी करीत असतो.

जुन्या काळाचे गोडवे गाऊनही हा प्रश्न सुटणार नाही. वऱ्हाडात एकेकाळी 'बनी' नावाचा तलम धाग्याचा देशी कापूस होत असे. एकोणिसाव्या शतकात त्याची जागा 'जरी' या जाडसर पण अधिक रुई देणाऱ्या कापसाने घेतली. सरकारने शुद्ध बीज टिकविण्याचे प्रयत्न केले. परंतु तलम मालास पुरेसा अधिक भाव मिळेना आणि जिनात सगळी सरकी एकत्र मिसळे, त्यामुळे बनी मागे पडली. बीज शेतकऱ्याच्या घरचे होते, विकत घेण्याची सक्ती नव्हती, तरीही चांगले बीज गेले. बीज घरात असले म्हणजे ते सुरक्षित असते असे नाही, हा धडा यातून घ्यावा लागतो.

मग आमची तक्रार कशाविषयी आहे? दोन गोष्टींविषयी आहे. पहिली निवडीविषयी. मनुष्य मोकळेपणाने संकर निवडतो तेव्हा तो एक सौदा असतो: यंदा जोम घ्यावा आणि पुढील वर्षी पुन्हा पैसे मोजावे. परंतु बाजारात दुसरे काही उरलेच नाही, तर तो सौदा राहत नाही. २००२ मध्ये बोंडअळीस मारक असे बीटी जनुक असलेल्या कापसास आपल्या देशात परवानगी मिळाली. पण हे जनुक प्रायः संकरांतूनच विकले गेले, आणि काही वर्षांतच देशाचे बहुतेक कापसाचे क्षेत्र संकरांनी व्यापले. अमेरिका किंवा ऑस्ट्रेलिया येथे कापूस सरळ वाणांचा लावतात. तेथेही करारमदारांनी शेतकऱ्याचे हात बांधलेले असतात हे खरे. परंतु त्यावरून एवढे सिद्ध होते की, ते जनुक देण्यास संकराचीच गरज होती असे नाही. संकर हा बीजविक्रेत्यास नैसर्गिक कुलूप म्हणून सोयीचा पडला.

त्या कुलपाने पुढे एक अनपेक्षित गोष्ट केली. संकराच्या आईबापांपैकी बहुधा एकाकडेच बीटी जनुक असते. म्हणून संकराच्या ज्या जोडीत ते असते, तिच्यातील एकाच सूत्रावर ते येते. झाडाची पाने सर्व सारखी विषारी असतात. परंतु बोंडातील सरकी ही पुढची पिढी होय, आणि तिच्यापर्यंत पोचताना वाटणी झालेली असते. एक जनुक असेल तर त्या बोंडातील चार दाण्यांपैकी सरासरी तीन विषारी आणि एक निर्विष. गुलाबी बोंडअळी तर दाणेच खाणारी. काही दाण्यांत विष आहे आणि काहींत नाही अशा बोंडात तिची वाढ झाली म्हणजे विष पचविण्याची शक्ती कमावण्यास तिला उत्तम शाळा मिळते, असे कापूसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. अळी विषास दाद देईनाशी होण्यास इतरही कारणे आहेत. परंतु हे एक आहे. सुरुवातीच्या वर्षांत फवारण्या वाचल्या, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. तथापि २०१७ च्या हंगामात विदर्भातील बोंडे आतून पोखरली गेली, तेव्हा ज्या नियमावर व्यापार उभा होता त्याच नियमाने शेतकऱ्यावर उलटून वार केला.

दुसरी तक्रार जोखमीविषयी आहे आणि आमच्या मते तीच अधिक गंभीर आहे. वऱ्हाडातील बहुतेक कापूस कोरडवाहू आहे. मृगाच्या सरीवर पेरणी झाली आणि पुढे पावसाने तीन आठवडे तोंड लपविले तर दुबार पेरणी करावी लागते. घरची सरकी असे तेव्हा दुबार पेरणीत कष्ट जात आणि थोडी सरकी जाई. आता दुसरे पाकीट विकत आणावे लागते, आणि पुष्कळदा ते उसने घेतलेल्या पैशाने. या प्रांतात कर्जापायी किती घरांचे दिवे विझले हे वाचकांस सांगावयास नको. त्याचा सगळा दोष बियाण्यावर ढकलणे खोटेपणाचे होईल; भाव, पाऊस, सावकारी, आजारपण अशी अनेक कारणे एकत्र येतात. परंतु त्या ओझ्यात पाकिटाचेही वजन आहे.

येथे आम्ही मघाच्या जुन्या नियमाकडे वळतो. ठराव करून बीज देणारा पिकाचा वाटेकरी होतो, असे तो नियम सांगतो. वाटेकरी याचा अर्थ आपण नीट ध्यानात घ्यावा. पीक बुडाले तर वाटेकऱ्याचाही वाटा बुडतो. आजचा बीजवाला आपला वाटा पाऊस पडण्यापूर्वीच रोख घेऊन जातो. नंतर आभाळ फिरो, अळी पडो, त्यास त्याचे सुतक नाही. बीज तयार करणाऱ्यास फळाचा अंश मिळावा हे आम्हांस मान्य आहे. परंतु जो फळाचा अंश घेतो त्याने शेताच्या जोखमीचाही अंश घ्यावा, असे आमचे मत आहे. निसर्गाच्या नियमापासून लाभ घेण्यास कोणाची हरकत नसावी. त्या नियमाचे सगळे नुकसान मात्र दुबळ्या पक्षाकडे वळते करणे यास न्याय म्हणता येत नाही. न उगवलेल्या बियाण्याची भरपाई, दुबार पेरणीस सवलतीचे बीज, अशा रूपांनी ही भागीदारी व्यवहारात आणणे अशक्य नाही. केंद्र सरकारने २०१६ पासून बीटी सरकीच्या किमतीवर मर्यादा घातली हे ठीक झाले. परंतु त्याने किंमत बांधली गेली, जोखीम वाटली गेली नाही.

आणि निवडीचे काय? २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यास आपल्या शेतातील बीज राखून ठेवण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देण्याघेण्याचा, इतकेच नव्हे तर छापील नावावाचून विकण्याचाही हक्क दिला आहे. मोठा उदार कायदा आहे. पण संकराच्या बाबतीत हा हक्क कागदावर राहतो, कारण गुणसूत्रे कायदा वाचीत नाहीत. तो हक्क जिवंत व्हावयाचा तर राखून ठेवण्याजोगे बीज अस्तित्वात असले पाहिजे, आणि ते निर्माण करण्यात व्यापाऱ्यास स्वार्थ नसल्यामुळे ते काम लोकांच्या पैशाने चालणाऱ्या संस्थांचे आहे. अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांनी देशी व अमेरिकन कापसाचे सरळ वाण दिले आहेत. काही सरळ वाणांत बीटी जनुकही आणले आहे. हे बीज पुरेसे व वेळेवर गावोगावच्या दुकानांत दिसेल तेव्हाच कास्तकारास निवड आहे असे म्हणता येईल. संकर वाईट नाही. त्याच्या शेजारी सरळ वाण विकावयास नसणे वाईट आहे.

यंदा तो वृद्ध पुन्हा भेटला तर आम्ही त्यास असे सांगू: बाबा, बियाण्यात कोणी काही घालून ठेवलेले नाही. जी वाटणी तुझ्या बापाच्या सरकीत होत असे तीच हिच्यातही होते. त्याच्या जोड्या सारख्या होत्या म्हणून ती दिसत नसे, हिच्या भिन्न आहेत म्हणून दिसते. तेव्हा त्या वाटणीबद्दल कोणास दोष देऊ नकोस. पण तुझ्या आणि पाकीट विकणाऱ्याच्या दरम्यान जी वाटणी होते ती माणसांनी ठरविलेली आहे, आणि जे माणसांनी ठरविले ते माणसांस बदलता येते. तिच्याविषयी अवश्य विचार, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहा.